पुळणीच्या तीन साक्षी

एका राज्यात, जिथं जमीन संपते आणि समुद्र सुरू होतो, तिथं एक लांबरुंद पुळण होती. नुसती वाळू, तिच्यावर पसरलेली मर्यादवेल आणि मोकळा वारा. कोळ्यांची मासळी तिथं वाळे, होड्या तिथं विसावत.

त्या राज्याचा राजा मेघवाहन मनाचा भला. पण काळदंड नावाच्या जादूगाराने त्याला माणकाची एक अंगठी भेट दिली होती. ती बुडालेल्या खजिन्यातली, शापित. जो ती घाली, त्याला मोकळी जागा म्हणजे अथांग खड्डा दिसे आणि तो बुजवल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. राजा म्हणे, "बांधा!" काळदंड मंत्र म्हणे आणि वाडे उभे राहत. दर वाड्यामागे जादूगाराचं आयुष्य एका वर्षानं वाढे. कुरणं गेली, तळी गेली. वाड्यांच्या किल्ल्या काळदंडाच्या कमरेला, आणि बेघर माणसं होती तशीच झाडाखाली.

शेवटी उरली पुळण. एके सकाळी मंजुळा कोळीण मासळी घेऊन आली, तो वाळूत शंभर लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. टोपली तिथंच टाकून ती तडक दरबारात गेली.

"महाराज, पुळण आम्हाला राहू द्या."

"ती रिकामी आहे, बाई."

"रिकामी नाही, महाराज."

काळदंड हसला. "मग साक्षी आण. एक जमिनीची, एक पाण्याची, एक आकाशाची. मुदत तीन दिवसांची."

राजानं मान डोलावली.

पहिल्या दिवशी मंजुळेनं मर्यादवेलीला हात जोडले. वेल म्हणाली, "या खुंट्यांनी माझी मुळं जळताहेत. त्या उपट, मग बोलेन." खुंट्या निखाऱ्यासारख्या तापलेल्या. मंजुळेनं पदर भिजवून हाताला गुंडाळला आणि एकेक करून शंभरही उपटल्या. संध्याकाळी तळहात सोलून निघाले होते. पण वेलीचा एक तंतू तिच्या मनगटावर चढून बसला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी कासवीण पाण्यातून वर आली. म्हणाली, "दिवसभर माझी अंडी राख. तोंडातून शब्द निघाला तर मी परत जाईन." मंजुळा अंड्यांपाशी बसली. कोल्हे आले, तिनं हाकलले. दुपारी तिची मुलगी धावत आली. "आई, घर पेटलंय गं! चल ना!" मंजुळेच्या घशाशी हाक आली. तेवढ्यात तिचं लक्ष वाळूकडे गेलं. मुलीच्या पावलांचे ठसेच उमटले नव्हते. मंजुळा ओठ चावून बसून राहिली. मुलीचा धूर झाला आणि धुरातून काळदंडाच्या शिव्या ऐकू आल्या. सूर्य मावळल्यावर कासवीण म्हणाली, "चल, साक्षीला येते तुझ्याबरोबर."

तिसऱ्या दिवशी ती समुद्रगरुडाकडे गेली. त्यानं मान फिरवली.

"माझं घरटं होतं ते उंडीचं झाड कुणी तोडलं?"

मंजुळा म्हणाली, "मीच. होडी करायला. वर पिल्लं होती, हेही ठाऊक होतं."

"आणि आता साक्ष मागतेस?"

"मागते. पण आधी तुझं तुला देते."

तिनं कुऱ्हाड घेतली आणि स्वतःची होडी फोडली. फळ्या खांद्यावर वाहून तिनं उंच माडावर मचाण बांधलं. प्रत्येक घावाला तिला रडू येत होतं. पण हात थांबला नाही. गरुड मचाणावर उतरला. म्हणाला, "चल."

दरबारात वेल बोलली, "मी वाळू धरते, म्हणून उधाण नगरात शिरत नाही." कासवीण बोलली, "मी सात समुद्र फिरते, पण अंडी घालायला मला हीच वाळू लागते." राजा कळवळून म्हणाला, "ऐकू येतं. पण मला खड्डाच दिसतो!"

तेव्हा गरुड बोलला. "दोष डोळ्यांचा नाही, अंगठीचा आहे. काळदंडानं ती बुडीत खजिन्यातून उचलली, हे मी वरून पाहिलं. लाटेत उभं राहून स्वतःच्या हातानं काढलीत, तरच निघेल."

काळदंडानं मंत्र सुरू केला. पुळणीवर भिंती उगवू लागल्या. राजा पुळणीकडे धावला, मागोमाग मंजुळा. पण वाळूच्या कडेला येताच तो थिजला.

"पुढं दरी आहे, बाई!"

"जमीन आहे, महाराज."

"मला दिसत नाही."

"मला दिसते. माझ्या पावलावर पाऊल ठेवा."

तिनं आपला सोललेला हात पुढं केला. राजानं तो धरला, डोळे मिटले आणि एकेक पाऊल टाकीत, घामानं निथळत, तो भिंतींच्या मधून पाण्यापर्यंत पोचला. लाट घोट्यांवरून गेली. त्यानं अंगठी ओढून काढली आणि समुद्रात भिरकावली.

पुळणीवरच्या अर्धवट भिंती विरघळल्या. काळदंडावर त्यानं लांबवलेली सारी वर्षं एकदम कोसळली, आणि जिथं तो उभा होता तिथं चिमूटभर चुना उरला. वर किल्ल्यांचा जुडगा.

राजानं डोळे उघडले. समोर आभाळ टेकेपर्यंत वाळूच वाळू. "केवढी भरलेली आहे ही!" तो एवढंच म्हणाला.

त्यानं स्वतःच्या हातानं वाड्यांची कुलपं उघडली आणि झाडाखालची माणसं आत राहायला गेली. पुळणीवर पाया खणायचा नाही, अशी आज्ञा त्यानं सर्वांसमक्ष दिली आणि आपल्या वंशालाही त्या आज्ञेनं बांधून टाकलं. त्या नव्या बिऱ्हाडांनी मिळून मंजुळेला होडी बांधून दिली, वाऱ्यानं पडलेल्या झाडांची. गरुडानं त्या वर्षी दोन पिल्लं वाढवली. ती माणसं सुखानं नांदली, आणि त्यांची नातवंडं आजही त्या वाळूत अनवाणी धावतात.