बियाण्याच्या पोत्यासमोर

फार फार मागची गोष्ट. लोक राजांची नावं लवकर विसरत आणि डोंगरांची मात्र लक्षात ठेवत, त्या काळातली. लहानांनो, ऐका, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

एका राज्याच्या टोकाला, दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक लहानसं गाव होतं. तिथे मेनोनाइट लोक राहत. येशूच्या वाटेने चालणारी ही साधी माणसं. ती तलवार धरत नसत, कोणावर हात उगारत नसत, शपथही घेत नसत. 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही, एवढ्यावर त्यांचा सगळा व्यवहार चाले. लढायला येत नाहीत म्हणून जुन्या मुलुखाने त्यांना हाकलून दिलं होतं. इथल्या राजाने मात्र ओसाड खोरं दाखवून म्हटलं होतं, "नांगर धरता ना? मग राहा."

त्यांची गाणी दूरदूरच्या गावांना ठाऊक होती. वाद्य नाही, नुसते गळे. बायकांचे दोन सूर आणि पुरुषांचे दोन सूर एकमेकांत असे मिसळत, की ऐकणाऱ्याला वाटे एकच मोठा गळा गातो आहे. हे गाणं फक्त प्रार्थनाघरात नसे. घरोघरी ताटं मांडली की सगळ्यांच्या माना खाली झुकत. एकजण अन्नावर आशीर्वाद मागे, मग सगळे मिळून गीताचं एक कडवं गात, आणि त्यानंतरच पहिला घास घेत. संध्याकाळी एका खिडकीतलं गाणं संपायच्या आत दुसऱ्या खिडकीतलं सुरू होई.

मग दुष्काळ पडला. एक वर्ष पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षी ढग आले, खोऱ्यावर थांबले आणि निघून गेले. ओढा आटला. गेरहार्टची पाणचक्की बंद पडली. गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या आणि मग गाईच दिसेनाशा झाल्या.

आणि गावातलं गाणं बंद झालं.

तसं कोणी ठरवलं नव्हतं. पण गाणं ऐकू आलं की शेजाऱ्याला कळे, या घरात ताट वाढलंय. शेजारी दारात येईल, त्याची पोरं येतील, आणि त्यांना नाही कसं म्हणणार? म्हणून आधी कोणीतरी आवाज खाली आणला. मग कोणीतरी खिडकी लावली. मग लोक ओठही न हलवता जेवू लागले. घाईघाईने, दाराकडे पाठ करून. गाणं गेलं, पाठोपाठ आशीर्वादही गेला. जे लपून खायचं, त्यावर देवाला कशाला बोलवायचं?

एकाच घरातलं गाणं थांबलं नाही. ते घर आग्नेताचं.

आग्नेता म्हातारी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा आदल्या साली तापाने गेला होता. घरात ती, तिची सून सुझाना आणि नात लेनी. पूर्वी या घरात चारही सूर असत. आता बायकांचे दोन उरले होते, आणि त्यातलाही एक थरथरत असे.

आणखी एक गोष्ट या घरात होती. प्रार्थनाघराच्या माळ्यावर सगळ्या गावाचं बियाणं ठेवलेलं होतं. गव्हाची पोती, पेरणीसाठी. कितीही उपास पडले तरी त्याला हात लावायचा नाही, असं गावाने मिळून ठरवलं होतं. त्या माळ्याची किल्ली आग्नेताकडे होती, कारण तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

निदान तेव्हा तरी होता.

"आई," एका संध्याकाळी सुझाना म्हणाली, "आज गायचं नको. किंवा अगदी हळू गाऊ. बाहेर कुंपणापाशी कोणीतरी उभं आहे. कालही होतं."

आग्नेता म्हणाली, "असू दे. गाणं काय चोरून म्हणायची गोष्ट आहे?"

"लोक बोलतात. म्हणतात, हिच्याकडे खायला असल्याशिवाय ही गाते कशी?"

"जेवायची वेळ झाली, म्हणून गाते. ताटात बघून गायला लागले, तर ते गाणं देवाचं राहील की ताटाचं?"

सुझानाने ताटं मांडली. तिने सासूपासून एक गोष्ट लपवली होती. परवा दुपारी लेनी चालता चालता खाली बसली होती आणि तिला उठताच येईना. तेव्हा सुझानाने खुंटीवरची किल्ली काढली होती. ती हातात धरून दारापर्यंत गेली होती. एक ओंजळ, फक्त एक ओंजळ, असं स्वतःला सांगत कितीतरी वेळ उंबऱ्यावर उभी राहिली होती. मग किल्ली तिने परत खुंटीवर अडकवली आणि तोंडावर पदराचं टोक दाबून रडली होती.

आणि इकडे गावाला खात्री वाटत होती, की याच घरात बियाणं खाल्लं जातं.

सगळ्यात मोठ्याने गेरहार्ट बोलत होता. पाणचक्कीचा मालक, अंगाने दांडगा. प्रार्थनाघरात त्याचा खर्जातला सूर लागला की खालच्या फळ्या हलत. तो दारोदार जाऊन म्हणाला, "आपली मुलं उपाशी निजतात आणि म्हातारी देवाचे आभार मानते. कशाचे आभार? आपल्या बियाण्याचे!"

उपाशी माणसाला ही गोष्ट लगेच पटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक आग्नेताच्या घराकडे निघाले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. वाटेत एकाने कुंपणाची काठी उपटून हातात घेतली. त्या गावात आजवर कोणी कोणावर काठी उगारली नव्हती. पण ते पाहून दुसऱ्यानेही घेतली, आणि त्यांना टाकून द्या म्हणणारं कोणी पुढे आलं नाही.

घरातून गाणं ऐकू येत होतं.

'हात रिते वा हात भरलेले,
तुझ्याचपुढती जोडलेले...'

गेरहार्टने दार ढकललं. टेबलाशी तिघी बसल्या होत्या. लेनी घाबरून आईला बिलगली. सुझानाचा सूर तुटला. आग्नेताने मात्र कडवं पुरं केलं आणि मगच मान वर केली.

"ये गेरहार्ट. सगळेच आलात? बसायला जागा पुरायची नाही."

"बसायला नाही आलो. तुमच्या पातेल्यात काय आहे?"

"बघ की."

त्याने झाकण काढलं. आत हिरवट पाणी होतं आणि त्यात उकडलेली रानातली मुळं. ज्या मुळांना गुरंही तोंड लावत नसत, ती. मागच्या माणसांनी माना उंचावून पाहिलं. एक बाई मागे सरकली. एकाने हातातली काठी पायामागे लपवली.

पण गेरहार्ट आता मागे कसा फिरणार? एवढ्या लोकांना आणलं होतं त्याने. तो म्हणाला, "आज हे दाखवाल. काल काय शिजवलं होतं, कोणाला ठाऊक? किल्ली द्या."

सुझाना उठून उभी राहिली. "शरम नाही वाटत तुम्हांला? माझी पोर..."

"दे त्याला किल्ली," आग्नेता म्हणाली. "बियाणं सगळ्यांचं आहे. बघायचा हक्क आहे त्यांना."

लोक प्रार्थनाघरात गेले. गेरहार्टने शिडी चढून माळ्याचं दार उघडलं. जेवढे मावले तेवढे वर चढले, बाकीचे शिडीवर आणि खाली दाटीने उभे राहिले.

पोती जशीच्या तशी होती. गावाने बांधलेल्या गाठी तशाच. त्यांवर धूळ बसली होती आणि धुळीवर कोणाच्याही बोटाचा ठसा नव्हता.

आता त्यांनी खाली उतरायला हवं होतं. म्हातारीची माफी मागून घरी जायला हवं होतं. पण कोणी हललं नाही. गव्हाचा वास येत होता. किती दिवसांनी येत होता! शिडीवरच्या माणसाने विचारलं, "आहे का?" आणि वरून उत्तर आलं, "आहे. भरपूर आहे." ते 'भरपूर' खालपर्यंत पोचलं आणि गर्दी शिडीकडे सरकली.

गेरहार्टने एका पोत्याची गाठ सोडली. नुसतं बघतो, असं तो म्हणाला. त्याने हात आत घातला, कोपरापर्यंत घातला. मग दुसऱ्याने दुसरं पोतं ओढलं. खालून कोणीतरी ओरडलं, "आम्हांलाही! आमची मुलं काय मेलीत?" शिडी करकरली. एका बाईला धक्का बसून ती भिंतीवर आदळली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

एवढ्यात आग्नेता प्रार्थनाघराच्या दारात आली. सुझानाने तिला धरलं होतं, कारण तिला एकटीने चालवत नव्हतं. आता ही रडेल, ओरडेल, शिडीला आडवी पडेल, असं लोकांना वाटलं. काठ्या धरलेले हात ताठ झाले.

पण म्हातारी बाकावर बसली आणि धापा टाकत म्हणाली, "खाणारच असाल, तर खा. मी अडवू शकत नाही, आणि आपल्यात कोणी कोणाला जोराने अडवत नाही. पण जेवण म्हटलं की आधी आशीर्वाद. गेरहार्ट, पोतं तू उघडलंस. आशीर्वाद तूच माग."

सगळे थबकले. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. माना आपोआप खाली गेल्या. गेरहार्टचीही गेली. त्याच्या मुठीत गहू होता. मूठ तशीच ठेवून त्याने सुरुवात केली.

"हे प्रभो, हे अन्न तू आम्हांला..."

तो थांबला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "हे अन्न तू आम्हांला दिलंस..."

दिलं होतं? हे त्यांना दिलेलं नव्हतं. हे पुढच्या सालचं होतं. लेनीचं होतं, त्याच्या स्वतःच्या मुलांचं होतं, अजून न जन्मलेल्यांचं होतं. पुढचे शब्द त्याला पाठ होते: 'त्याबद्दल तुझे उपकार मानतो, आणि ज्यांचं ताट आज रितं आहे त्यांची आठवण आम्हांला दे.' हजारदा म्हटलेले शब्द. पण जीभ उचलेना. एवढा मोठा आवाज त्याचा, पण त्यातून एक शब्द फुटेना.

"माग ना," आग्नेता म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"नाही मागता येत," गेरहार्ट म्हणाला.

"मग दुसरं कोणी मागा."

तिने एकेकाकडे पाहिलं. जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. पोत्याजवळच्या माणसाने ओठ हलवले आणि मिटले. शिडीवरच्या माणसाने मान हलवली. त्या भरलेल्या प्रार्थनाघरात आशीर्वादाचं एक वाक्य पुरं करणारा माणूस निघाला नाही.

तेव्हा गर्दीतून गेरहार्टची बायको कातरिना पुढे आली. ती नवऱ्याकडे न बघता बोलली.

"आमच्या घरी जात्यामागे पिठाची दोन मडकी आहेत. आम्ही दार लावून खातो. शेजारच्या पेटर्सची मुलं परवा आली होती, तेव्हा काही नाही म्हणून मी त्यांना परत पाठवलं. तेव्हापासून आमच्या टेबलावर आशीर्वाद मागितला गेला नाही. ह्यांनाही जमला नाही, मलाही नाही."

कोणी तिला दोष दिला नाही. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "माझ्याकडे सुकवलेली फळं आहेत. थोडीच आहेत." मग आणखी एकजण बोलला. कोणाकडे डाळ होती, कोणाकडे कोंबडी लपवलेली होती. बोलताना कोणाची मान वर नव्हती.

गेरहार्टने मूठ पोत्यावर उघडली. बोटांच्या बेचक्यात अडकलेले दाणेही त्याने झाडून आत टाकले. गाठ त्याने स्वतः बांधली नाही; सुझानाला वर बोलावून तिच्या हातून बांधून घेतली.

त्या संध्याकाळी प्रार्थनाघराच्या अंगणात एकच चूल पेटली. ज्याने जे लपवलं होतं ते एकाच मोठ्या पातेल्यात गेलं. प्रत्येकाच्या वाट्याला वाटीभर पातळ पेज आली, जास्त नाही. आशीर्वाद कातरिनाने मागितला, अडखळत, पण पुरा मागितला. मग लोक गायले. उपाशी गळ्यांचं गाणं ते, काही गोड झालं नाही. गेरहार्ट गायला नाही. तो वाटी पुढे धरून नुसता रडत होता. लेनीने आपली वाटी चाटूनपुसून साफ केली आणि आईच्या मांडीवर झोपली.

दुष्काळ काही त्या दिवशी संपला नाही. पाऊस यायच्या आत गावातली काही म्हातारी माणसं गेली. पण त्यानंतर एकाही घराने दार लावून खाल्लं नाही, आणि माळ्याच्या दाराला कुलूपही कोणी लावलं नाही. ढग आले तेव्हा पोती खाली उतरली आणि सगळं बियाणं जमिनीत गेलं.

डोंगरापलीकडे एक गाव होतं. त्या लोकांनी दुष्काळात आपलं बियाणं खाऊन टाकलं होतं. पाऊस तिथेही झाला, पण पेरायला काही नव्हतं. सुगीच्या दिवसांत ते लोक रिकाम्या गाड्या घेऊन या खोऱ्यात आले आणि शेताच्या बांधावर ओशाळून उभे राहिले. त्यांना हाक मारून आत नेणारा पहिला माणूस गेरहार्ट होता. त्याने त्यांना खायला घातलं, आणि जाताना त्यांच्या गाड्यांवर पेरणीपुरता गहू गावाने चढवून दिला.

म्हणून लक्षात ठेवा: ज्या घासावर आपल्याला मोकळ्या मनाने आशीर्वाद मागता येत नाही, तो घास आपला नसतो.