बार्शीत सूर तुटला तेव्हा

“मग सूर कोण धरणार?” रेवणबुवांनी विचारलं.

“यंत्र,” महालिंग म्हणाला. “इलेक्ट्रॉनिक सूरपेटी घेतलीय, बुवा. बटण दाबलं की सुरू. तीन तास स्वर हलत नाही.”

“चहा मागत नाही?”

“नाही.”

“बरंय मग. इराण्णाला प्रवासात दर अर्ध्या तासाला लागायचा.”

महालिंग हसला नाही. देवळाच्या ओवरीत बुवा बसले होते. त्यांच्या पुढ्यात त्यानं यंदाच्या हंगामाची पत्रिका ठेवली. ती आजच छापायला जायची होती. दिवाळीच्या पाडव्यापासून होळीपर्यंत सात बैठका. कुणाच्या दिवाणखान्यात, कुठं वाचनालयाच्या माडीवर, समोर पन्नास-साठ माणसं. सुंदरी हे वाद्य अशाच जागेचं. सनईची धाकटी बहीण, आवाजानं मऊ.

बुवांचे पुढचे दात पडले तेव्हापासून त्यांनी बैठका सोडल्या होत्या. गेल्या साली महालिंगनं त्यांच्या जागी वाजवलं, पण ताफा त्यांच्याच नावाचा होता; यंदा तो पहिल्यांदाच महालिंगच्या नावानं निघणार होता.

पत्रिकेवर दोन ओळी होत्या. सुंदरी, महालिंग. तबला, लतीफ.

तिसऱ्या ओळीत चाळीस वर्षं एकच नाव छापलं जायचं. इराण्णा बाजूला बसायचा आणि बैठक उठेपर्यंत आपल्या सुंदरीवर एकच स्वर धरून ठेवायचा. गालात हवा साठवायची, ती फुंकता फुंकता नाकानं श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही. एवढंच त्याचं काम.

“त्याला सांगितलंस?”

“काल घरी जाऊन आलो.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. म्हणाले, यंत्र मांडीवर घेऊन बस, एसटीत हादरे फार बसतात.”

बुवांनी पत्रिकेवरच्या दोन ओळींखाली बोट ठेवलं.

“त्याचा दोष काय, लेका?”

“गेल्या साली बार्शीत त्यांनी सूर सोडला. भर बैठकीत. तुम्हीच शिकवलंत ना, छप्पर कोसळलं तरी सूर सोडायचा नाही?”

“शिकवलं खरं.”

“मग?”

“किती वेळ सोडला?”

“दोन आवर्तनं.”

“दोन आवर्तनं तो काय करत होता?”

महालिंग पत्रिकेचा कोपरा दुमडू लागला.

“त्यांच्या मांडीवर चीज वाजवायची दुसरी सुंदरी असते. ती उचलली.”

“आणि?”

“वाजवली.”

“काय वाजवलं?”

“... माझ्या वाटणीचं.”

“तू कुठं गेला होतास?”

“तिथंच होतो, बुवा. पुढचं आठवेना. बोटं थांबली.”

“लोकांना कळलं?”

“नाही. लोकांनी नेमकी तीच जागा उचलून धरली. वाहवा केली. माझ्याकडं बघून.”

“मग तू काय केलंस?”

“मी मान लववली...”

देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं. महालिंग खाली बघूनच बोलला.

“ते शेजारी बसले की माझी मान वर होत नाही, बुवा. वर्ष झालं. एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्या त्यांनी. तर परतीच्या गाडीत मला म्हणाले, खिडकीपाशी बस, वारा लागेल.”

बुवा उठले. कोनाड्यातून सूर धरायची जुनी सुंदरी काढली, तिच्या तोंडाची पत्ती ओठांत धरून ओली केली आणि पुन्हा मांडी घातली.

“तुम्हाला नाही जमायचं आता.”

“बघू. पहिल्या बैठकीतली चीज वाजव.”

बुवांनी स्वर लावला. महालिंगनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. वर्षभर घासलेली चीज होती. एकेक जागा ठरलेली, एकेक श्वास मोजलेला. प्रदक्षिणा घालणारी एक बाई खांबाला टेकून उभी राहिली.

बुवांच्या बोळक्या तोंडातून हवा निसटू लागली. स्वर थरथरला, बारीक झाला... आणि तुटला. बुवांना खोकल्याची उबळ आली.

महालिंगनं चीज तिथंच टाकली. डोळेही न उघडता आपल्या सुंदरीवर त्यानं तोच स्वर धरला. खोकला थांबेपर्यंत धरून राहिला.

“चीज का सोडलीस?” बुवांनी डोळे पुसत विचारलं.

“तुमचा सूर तुटला.”

“तुटू दे की. तुझं वाजवणं चाललं होतं ना?”

“ती बाई ऐकत होती, बुवा. तिच्यासमोर तुम्हाला तसं कसं...”

त्यानं सुंदरी मांडीवर ठेवली.

बुवांनी पत्रिका त्याच्याकडं सरकवली.

“भर बैठकीत आपलं काम सोडणारा माणूस ठेवायचा नाही, असं ठरलंय ना? मग तुझंही नाव खोड.”



महालिंगनं खिशातलं पेन काढलं. तिसरी ओळ लिहिली. लिहून झाल्यावरही पेन हातातच राहिलं.

“पण ते येतील का? मीच नको म्हणून आलोय. आता कुठल्या तोंडानं बोलावू?”

“बोलावू नको. बोलावलंस तर गुडघेदुखी सांगेल. मानी आहे.”

“मग काय करू?”

“सुंदरी घेऊन त्याच्या दारात जाऊन बस. बार्शीचीच चीज लाव... आणि चूक. तुझी बोटं अडलेली ऐकली की तो आत बसून राहायचा नाही.”

“मुद्दाम चुकू?”

“मुद्दाम कशाला? तू नुसतं वाजव.”