काबरीची पाहणी

"आठ दिवसांत करंजमहाल रिकामा करा होऽऽ!"

दवंडीवाला हलगी बडवून निघून गेला आणि गोजराच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

करंजमहाल म्हणजे राजधानीच्या वेशीबाहेरच्या बारा वाड्या. तिथल्या माणसांनी कुठे जायचं, हे दवंडीत नव्हतं. का जायचं, ते मात्र होतं. रणधवल महाराजांना जेवणानंतरच्या डुलकीत स्वप्न पडलं होतं! स्वप्नात पूर, आग आणि शत्रूचा वेढा, तिन्ही एकाच दिवशी आले. महाराजांच्या स्वप्नातही काटकसर नसायची.

जागे होताच त्यांनी ठरवलं, संकट येण्याआधी वेशीबाहेर राहायला जायचं. गाई पाळायच्या, भाजी लावायची, स्वतःच्या हातांनी जगायचं. त्या हातांनी आजवर स्वतःची पगडीही बांधली नव्हती. पण उत्साह दांडगा!

जागेची पाहणी कारभारी विसोपंतांनी केली. धूळ फार म्हणून पालखीचे पडदे लावून केली. अहवालात त्यांनी लिहिलं, 'हवा थंड. पाणी ओले. जमीन पायाखाली आहे. रहिवासी मात्र कुचकामी. संकटात आठ दिवसही टिकणार नाहीत. हलवावेत.'

गोजरा हैबती शेतकऱ्याची लेक. सूप ठेवलं, पदर खोचला आणि ती थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, आम्ही टिकणार नाही, हे पंतांना कसं कळलं?"

"दिसतंच ते!" विसोपंत म्हणाले.

"पडद्यातून?"

दरबारात कुणीतरी खोकलं. विसोपंत लाल झाले. महाराज मात्र सरसावून बसले.

"टिकाल म्हणतेस? मग दाखव सिद्ध करून! उद्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वेळ. कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. कणगी उघडायची नाही. कोणाला एक शब्द विचारायचा नाही. आणि महालातलं कोणतं घर संकटात तगेल, कोणतं नाही, ते पुराव्यासकट सांगायचं. जमलं तर दवंडी मागे. नाही जमलं तर पहिलं घर तुझं रिकामं!"

"आणि पाहणीला पालखी?" विसोपंतांनी टोमणा मारला.

"नको पंत. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोजराने काबरी कोंबडी काखेत मारली.

"गोजरे, डोकं फिरलं का तुझं?" हैबती ओरडला. "घर जायची वेळ आली आणि तू कोंबडी कुठे नेतेस?"

"पाहणीला, आबा. त्यांनी पालखी नेली होती, मी काबरी नेते. हिचे डोळे उघडे असतात."

महाराजांनी पाठवलेला शिपाई मागोमाग होताच. गोजरा एकेका घरामागे गेली आणि तिथल्या उकिरड्यावर कोंबडी सोडत राहिली. काबरी उकरायची, दोनचार किडे टिपायची आणि वैतागून परत यायची. पुढचं घर, पुढचा उकिरडा. बारा वाड्या अशाच झाल्या. फक्त एका ठिकाणी काबरी जी रमली ती हलेचना. शेवटी शिपायाने तिला उचललं.

सूर्य मावळायच्या आत गोजरा राजवाड्यावर पोचली. काबरीला तिने अंगणात सोडलं आणि दरबारात शिरली.

"बोल, किती घरं तगतील?" महाराजांनी विचारलं.

"एक सोडून सगळी. पुढचं पीक येईपर्यंत!"

"पुरावा?"

"उकिरडे, महाराज. माझ्या काबरीला त्यात दाणा मिळाला नाही, साल मिळाली नाही, कुजकं वांगंसुद्धा नाही."

विसोपंत उसळले, "अहो, उकिरड्यात दाणा नाही म्हणजे घरातही नाही! भिकारी आहेत सगळे!"

"पंत, घर उपाशी असतं तर उकिरड्यात राख नसती. तिथे रोजची ताजी राख आहे, म्हणजे दोन्ही वेळा चूल पेटते. शेण आहे, म्हणजे गोठ्यात जनावर आहे. साल नाही, कारण ती म्हशीने खाल्ली. बी नाही, कारण ती पेरायला ठेवली. ज्या घरातून काही वाया जात नाही, त्याला संकट काय करणार?"

महाराजांनी शिपायाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"आणि न तगणारं घर कोणाचं?"

"नाव मला विचारू नका. शिपाईदादांना विचारा, काबरी कुठून हलत नव्हती."

शिपाई चाचरला. "महाराज... करंजमहालातच पंतांचा बागेतला बंगला आहे, त्याच्यामागून. शिळ्या पुऱ्या होत्या, सोंडे पडलेला गहू होता, अर्धा फणस होता..."

विसोपंतांना एकाएकी छताची नक्षी फार आवडू लागली.

महाराज पोट धरून हसले. हसता हसता म्हणाले, "आता माझ्या वाड्याचं सांग! आम्ही किती दिवस टिकू?"

"काबरी सांगेल. अंगणात आहे."

शिपाई बघायला गेला आणि बोट चोखत परत आला.

"महाराज, ती मुदपाकखान्यामागच्या उकिरड्यावर आहे. हाकललं तर मला चोच मारली. गावातल्या आणखी वीसेक कोंबड्याही तिथे आहेत. त्या रोजच्याच दिसतात."

महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"म्हणजे? संकट आलं तर आम्ही..."

"घाबरू नका, महाराज," गोजरा म्हणाली. "संकट आलं की तुम्ही करंजमहालात या. धार काढायला आम्ही शिकवू, चूल फुंकायला आम्ही शिकवू. आणि शिकवायला आम्हाला वेळच वेळ असेल. तुमच्या उकिरड्यावर आमच्या बारा वाड्या सहा महिने आरामात जेवतील!"

महाराज असे हसले की पगडी घरंगळली. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधून पाहिली, जमली नाही, तेव्हा आणखीच हसले.

"दवंडी मागे! आणि तू बक्षीस माग, पोरी!"

"तोच द्या."

"कोण?"

"उकिरडा. असं खत उभ्या मुलखात नाही."

तिसऱ्या दिवशी खताच्या चाळीस गाड्या करंजमहालाकडे निघाल्या. महाराजांच्या हुकमाने विसोपंत पहिल्या गाडीमागून चालत होते, सगळी धूळ खात. आणि गाडीच्या शेंड्यावर, पालखीत बसावं तशी ऐटीत, काबरी बसली होती. पडदे न लावता!