चित्रातले हात

“आणि हात?” ओदोनेबाबांनी विचारलं.

तेल्मो याच प्रश्नाची वाट पाहत होता.

ओदोनेबाबा म्हणजे इटलीतल्या त्या डोंगरी मठातले जुने चित्रकार. आता दृष्टी गेली होती, पण शब्दाला वजन होतं. मठाधिपतींनी साफ सांगितलं होतं, बाबा हो म्हणाले तरच तेल्मोचं येशूजन्माचं चित्र नाताळात वेदीवर लागेल. या चित्रापायी पठ्ठ्याने रक्त आटवलं होतं. आता त्याचा जीव टांगणीला लागला होता.

“हातच तर बघण्यासारखे आहेत, बाबा,” तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

बाबा हसले. “सांग की मग. तुझ्या डोळ्यांनी बघतो.”

“मरिया गुडघे टेकून बसलीय. हात जोडलेले. नुसती बोटं पाहून माणसाला प्रार्थना सुचावी, अशी बोटं.”

“योसेफ?”

“तिच्या मागे. हात जोडून.”

“मेंढपाळ?”

“त्यांचेही जोडलेले. राकट, भेगा पडलेले. देवदूतांचे मात्र नाजूक.” तेल्मोची छाती फुगली. “बाबा, असे हात या मुलखात कुणी काढले नसतील.”

“नसतील,” बाबा म्हणाले. “आणि बाळ?”

“मधोमध, जमिनीवर. त्याच्या अंगातूनच उजेड फाकलाय.”

“खाली काही अंथरलंय?”

“नाही.”

“अंगावर?”

“काही नाही. उघड्या अंगावर उजेड खुलतो, बाबा.”

“दिवस कुठले?”

“थंडीचे. गोठ्याच्या छपरावर बर्फ आहे. तोही झकास जमलाय.”

बाबांनी मान खाली घातली.

शेगडी विझत आली होती. म्हाताऱ्याचा डोळा लागला की काय, असं तेल्मोला वाटलं. त्याला राहवेना. तो बाबांपुढे हात जोडून उभा राहिला.

“बाबा, लागेल ना वेदीवर? काही राहिलंय का?”

बाबांनी अंगावरची लोकरीची शाल काढली. थंडीने त्यांचे खांदे आखडले. चाचपडत त्यांनी शालीची घडी घातली आणि ती तेल्मोपुढे धरली.

ती घ्यायला तेल्मोला आपले जोडलेले हात सोडावे लागले.

“जा,” बाबा म्हणाले. “तुझ्या त्या गोठ्यात कुणाचे हात मोकळे असतील... तर त्याच्याजवळ दे.”