सोन्याचं खोगीर

एका राज्यात घोड्यांना खरूज लागली. आधी मानेवरचे केस झडले, मग पाठीची कातडी जाड होऊन भेगाळली. घोडी खांबांना अंग घासू लागली. खांब रक्ताने माखले. राजा इंद्रसेनाने आज्ञा केली, "येत्या अमावास्येला सारी रोगी घोडी कड्यावरून लोटा."

त्यांत राणी वेणुमतीची शर्वरी होती. राणी पागेत गेली, तिच्या गळ्याला बिलगली. शर्वरीच्या पाठीवरचे किडे टिपणारी साळुंकी तेव्हा बोलली, "राणी, हे माझ्याने संपायचे नाहीत. राजाने ताम्रजट मांत्रिकाचं सोन्याचं खोगीर लुटून आणलं. किडे त्यातून निघतात. ते ज्या घोड्यावर चढलं तो नासला, आणि त्याला जो घासला तोही नासला."

राणी मांत्रिकाच्या डोंगरावर गेली.

"उतारा सांगा," ती म्हणाली.

"जळत्या डोंगराच्या मुखातला गंधक आण. नागांच्या राईतलं करंजाचं तेल आण. आणि ते खोगीर राजाने स्वतःच्या हाताने जाळायचं."

गंधक काढताना राणीच्या पापण्या होरपळल्या. राईत नागांनी वाट अडवली.

"तेल कोणासाठी?" थोरल्या नागाने विचारलं.

"घोड्यांसाठी. त्यांची कातडी सडली आहे."

दरसाल कात टाकणाऱ्या नागांना ते समजलं. त्यांनी वाट दिली.

राणीने परत येऊन उतारा सांगितला. राजा मात्र अडून बसला. "ती माझ्या विजयाची खूण आहे. जाळणार नाही."

राणी वाद घालत बसली नाही. तिने खोगीर उचलून आपल्या उघड्या खांद्यांवर घेतलं. दिवस कलायच्या आत तिची कातडी तडकली, आणि ती खांबाला पाठ घासू लागली. शर्वरीने इतके दिवस काय सोसलं, ते तिला आता कळत होतं.

"टाका ते खाली!" राजा ओरडला.

"तुम्ही जाळणार असाल तर घ्या."

राजाने तिचे रक्ताळलेले खांदे पाहिले. मग खोगीर ओढून घेतलं आणि चौकात आग पेटवून तीत टाकलं. सोनं वितळलं, धुरातून किंकाळी उठली, आणि पागेतले किडे राखेसारखे गळून पडले.

गंधक तेलात खलून राजाने आधी राणीच्या खांद्यांना लावला, मग दोघांनी मिळून घोड्यांना. अमावास्या आली नि गेली. कड्याकडे कोणी फिरकलं नाही. पुढे नवे केस फुटले, आणि एका दुपारी शर्वरी कशालाही अंग न घासता उन्हात उभ्या उभ्या निजली. तिला लागली तशी शांत झोप ऐकणाऱ्यांनाही लागो.