खिळ्यावरची सांडशी

घरोघरी चुलीच्या जागी नुकत्याच गॅसच्या शेगड्या आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कालिंदीकाकूंची सांडशी भिंतीवरच्या खिळ्याला एकटीच लटकून असायची. लेक सासरी गेल्यापासून काकू स्वतःपुरता चहा करत आणि पातेलं पदरानेच उतरवत.

"तुला आता कोण विचारतंय गं, फेंगडे?" पदर खिजवायचा. "मी आहे ना हाताशी!"

"असू दे हो. पण जाळापासून जपा, पदरभाऊ," सांडशी म्हणायची.

संकष्टीला मोदकांचं पाणी उकळत ठेवून काकू शेगडीपाशीच उभ्या राहिल्या आणि खिडकीतून लेकीची वाट पाहू लागल्या. मागे पदराचं टोक जाळाकडे सरकलं.

"सांडशीताई, धावा हो!" पदर ओरडला. पण कापडाची हाक काकूंना कुठली ऐकू येणार?

सांडशीने गणपतीचं नाव घेतलं आणि खिळ्यावरून अंग सोडून दिलं. खण्णकन आवाज झाला.

"अगं बाई!" काकू दचकून वळल्या. त्यांनी शेगडी बंद केली, काळवंडलेला पदर कमरेला घट्ट खोचला, आणि पायाशी पडलेली सांडशी उचलून कपाळाला लावली.

त्या दिवसापासून एकटा असतो तो फक्त खिळा, आणि त्याला त्याची मुळीच खंत नाही.