वेबसाइटवरचे जुने अध्यक्ष

बारा वर्षं उपाध्यक्ष राहिलेले इंगवलेसाहेब अखेर आधीचे अध्यक्ष वाघमोडे अण्णांना हरवून शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष झाले, आणि चौथ्याच दिवशी त्यांनी वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायचा हुकूम सोडला. ऑफिसातल्या नसीमा मुजावर यांनी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नोंदीत नव्या सर्व्हरचा पत्ता भरला. ऑफिसात नवी साइट दिसली. साहेबांच्या घरी मात्र जुनीच, आणि तिच्यावर अण्णांचा हसरा फोटो!

साहेब स्टाफसमोर कडाडले, "मुजावरबाई, तुम्ही अण्णांचं माणूस! नोंद बदललीच नाहीत. उद्यापासून घरी बसा."

"बदलली, साहेब. पण बाहेरची यंत्रं जुना पत्ता धरून ठेवतात. तो सुटायला एखादा दिवस लागतो."

"मला शिकवता? बदललं म्हणजे बदललं!"

"मग तुमच्या मोबाइललाच विचारा, अध्यक्ष कोण ते."

साहेबांना मोबाइलला तोंडी हुकूम सोडायची भारी हौस. ते तोऱ्यात म्हणाले, "अध्यक्षांना फोन लाव."

रिंग वाजली. स्पीकरवर आवाज आला, "बोला इंगवले, वाघमोडे बोलतोय."

साहेबांनी घाईघाईने फोन कापला. स्टाफ पंख्याकडे बघत राहिला.

नसीमाबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, ह्या मोबाइललाही उद्यापासून घरी बसवायचं, की एखादा दिवस द्यायचा?"